गुरुत्वाकर्षण, कृष्णविवरे आणि शिंप्याचे माप
(मंडळाच्या पूर्णा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वधूवरांच्या याद्या, वसतिगृहाचा हिशेब आणि गुणवंतांचा सत्कार हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत व ते असावयासच हवेत. यंदा कार्यकारी मंडळाने मला एखाद्या शास्त्रीय विषयावर, पण सर्वांस समजेल अशा भाषेत, बोलण्याची आज्ञा केली. विषय निवडण्याचे काम मात्र एका आजीबाईंनी केले. येथल्याच एका शिलाईच्या दुकानात मी बसलो असता त्या मला म्हणाल्या, "मास्तर, औंढ्याला म्हणे आभाळातली काळी बिळं धरायचं यंत्र बसवताहेत. आपल्या गावाखाली बीळ तर नाही ना पडायचं?" दुकानातील तरुण मंडळी हसली. मी हसलो नाही. कारण हसणाऱ्यांपैकी एकालाही त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. आजचे भाषण हे त्या आजींस दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

औंढा नागनाथ आपणांस परका नाही. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तो आपल्याच परभणी जिल्ह्यात होता. पूर्णेहून वसमत आणि वसमतेहून औंढा ही वाट आपल्या पूर्वजांनी वारंवार तुडविली आहे. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी तेथले देऊळ फिरले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. जेथे नामदेवरायांचा जन्म झाला असे आपण मानतो ते नरसीही त्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा त्या परिसरात जगातील अत्यंत सूक्ष्म मोजमापाचे यंत्र उभे राहणार असेल, तर ते काय मोजणार आहे हे निदान शिंप्याच्या घरात तरी माहीत असावयास हवे. मोजमाप हा आपला वडिलोपार्जित धंदाच नव्हे काय?

आरंभ वजनापासून करू. वस्तू खाली पडते, कारण पृथ्वी तिला ओढते, असे आपण शाळेत शिकलो. पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे, हे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तही नमूद केले आहे. याचा आपणांस अभिमान असावा. परंतु ओढ आहे असे म्हणणे वेगळे आणि किती अंतरावर किती ओढ, याचे माप सांगणे वेगळे. हे माप न्यूटनने १६८७ साली दिले. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाईवर येते. या एका नियमाने झाडावरून पडणारे फळ आणि आकाशात फिरणारा चंद्र हे दोन्ही एकाच हिशेबाच्या वहीत आले.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा मुलगा आपण पाहिला असेल. दोरी धरली आहे तोवर दगड फिरतो. दोरी सुटली की तो सरळ निघून जातो. सूर्याभोवती पृथ्वी अशीच फिरते. परंतु सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर आहे आणि मध्ये दोरी कोठेच दिसत नाही! ही न दिसणारी दोरी कशाची, याचे उत्तर न्यूटनपाशी नव्हते आणि त्याने ते असल्याचा आवही आणला नाही. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न तसाच राहिला.

आता येथील मुलांनी उद्या घरी एक प्रयोग करावा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी एक भोक पाडून तीत पाणी भरावे. झाकण काढले की भोकातून धार लागेल. मग ती बाटली उंचावरून सोडून द्यावी. बाटली पडत असेतो धार थांबलेली दिसेल. पाणी आणि बाटली दोन्ही सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार बाटलीवर उरत नाही. म्हणजे आपण ज्यास वजन म्हणतो ते पडण्याच्या आड काहीतरी आल्यावरच जाणवते. अंतराळवीर यानात तरंगतात तेही याच कारणाने. तेथे गुरुत्व नसते, असे पुष्कळांस वाटते. तो समज चुकीचा आहे. चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्व भूपृष्ठावरच्या सुमारे नऊदशांश असते. ते यान पडतच असते, मात्र पडता पडता इतक्या वेगाने पुढे जाते की पृथ्वीचा गोल त्याच्या खालून वळत राहतो. विसोबा खेचरांनी नामदेवांस सांगितले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव; आणि तशी जागा नामदेवांस सापडली नाही. गुरुत्वाचेही असेच आहे. त्याचा अंमल नाही अशी जागा विश्वात सापडावयाची नाही.

पडणाऱ्यास स्वतःचे वजन जाणवत नाही, हा साधा विचार १९०७ साली आइन्स्टाइनच्या मनात आला आणि त्याचा पाठपुरावा करीत १९१५ च्या नोव्हेंबरात तो एका विलक्षण निष्कर्षास पोहोचला. दोरी नाहीच, जे आहे ते कापड आहे, आणि ते सपाट नाही!

हे समजावून देताना पुस्तकांत ताणून धरलेल्या चादरीचा दाखला असतो. चादरीवर मध्यभागी भरलेला तांब्या ठेवला की खळगा पडतो आणि जवळ सोडलेली गोटी तांब्याकडे घरंगळते. दाखला सोपा आहे, पण त्यात एक खोट आहे. गोटी घरंगळते ती खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे जी गोष्ट समजावयाची तीच आपण चोरून मदतीला घेतली. आपल्या धंद्यात याहून चांगला दाखला आहे.

माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकताना मला प्रथम हे कळले की, कापड सपाट असते आणि माणूस गोल असतो. सपाट कापड खांद्यावर वा छातीवर तसेच घातले तर कोठे तरी चुणी पडते, कोठे तरी ओढ बसते. म्हणून टक्स घ्यावे लागतात, कळ्या कापाव्या लागतात. गोल टोपी घ्या. तिच्या काठापासून शेंड्याकडे दोन धावदोरे टाका. काठापाशी ते एकमेकांस समांतर असतात. सुई डावीउजवीकडे तसूभरही न वळविता सरळ पुढे नेली, तरी शेंड्यापाशी ते दोन्ही धागे एकत्र येतात. त्यांना कोणी एकमेकांकडे ओढले काय? नाही. प्रत्येक धागा आपल्या परीने सरळच गेला. कापडाच्या घडणीने त्यांस एकत्र आणले. जो मनुष्य टोपी पाहत नाही, केवळ दोन धागेच पाहतो, त्यास मात्र वाटेल की त्यांच्यात काही ओढ असली पाहिजे. आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो ती हीच ओढ.

येथे चतुर श्रोता विचारील की, झाडावरचे फळ तर स्थिर असते. ते कोठे चालले होते म्हणून वाकड्या कापडावरून पृथ्वीशी येऊन मिळाले? याचे उत्तर असे की, हे कापड केवळ लांबीरुंदीउंचीचे नाही. त्यात काळाचाही धागा विणलेला आहे. आपण स्वस्थ बसलो तरी काळातून पुढे चाललोच असतो. फळाची वाट आणि पृथ्वीची वाट काळाच्या दिशेने निघतात आणि टोपीवरील धावदोऱ्यांप्रमाणे एकमेकींस मिळतात. पृथ्वीच्या जवळ वाकलेला धागा मुख्यतः काळाचाच असतो. ही कविकल्पना नव्हे. आपल्या भ्रमणध्वनीत वाट दाखविणारी सोय ज्या उपग्रहांवर चालते, त्यांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या मानाने दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. उंचीवर गुरुत्व कमी असल्यामुळे होणारी वाढ आणि वेगामुळे होणारी घट यांची ती गोळाबेरीज आहे. हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल आणि पूर्णेचा प्रवासी वसमतेच्या अर्ध्या वाटेवर असल्याचे दिसेल.

आता कृष्णविवराकडे वळू. पृथ्वीवरून दगड वर फेकला तर तो परत येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर एवढ्या वेगाने फेकता आला, तर मात्र हवेचा अडथळा सोडून देता तो परत यावयाचा नाही. सूर्यावरून सुटावयाचे तर हा वेग सेकंदाला सुमारे ६१८ किलोमीटर लागतो. वस्तुमान तेच ठेवून गोळा दाबून लहान केला, तर हा सुटण्याचा वेग वाढत जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. सुटण्यास त्याहूनही अधिक वेग लागेल इतका तारा दाट झाला तर? १७८३ साली जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने हा प्रश्न विचारला आणि असा तारा दिसणार नाही असे लिहिले. आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून १९१६ साली श्वार्झशिल्ड याने नेमका हिशेब मांडला. त्या हिशेबाने संपूर्ण पृथ्वी दाबून मुलांच्या खेळातील गोटीएवढी केली, तर तिचे कृष्णविवर होईल. सूर्य त्यासाठी तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबावा लागेल.

एवढे दाबणार कोण? ताऱ्याचे स्वतःचेच वजन. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेने फुगते आणि वाफ निघून गेली की बसते, हे आपल्या भगिनी रोज पाहतात. तारा हा अशाच आतल्या उष्णतेच्या दाबाने फुगलेला असतो. इंधन सरले की तो बसू लागतो. लहान ताऱ्याचे हे बसणे एका मर्यादेवर थांबते. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी एकोणिसाव्या वर्षी, १९३० साली विलायतेस जाताना आगबोटीवर केलेल्या गणितातून पुढे आले. त्या कार्याचा नोबेल सन्मान त्यांस १९८३ साली मिळाला. फार मोठ्या ताऱ्याचा गाभा मात्र बसू लागला की त्यास थांबविणारे काही उरत नाही.

विवर हा शब्द ऐकून जमिनीतील बिळाची कल्पना येते, आणि आजींची भीती तेथूनच उपजली. मला विचाराल तर नदीचा दाखला अधिक बरा. पुराच्या वेळी आपल्या पूर्णेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांनी अशी कल्पना करावी की, पुढे पुढे प्रवाहाचा वेग वाढतच चालला आहे. मासा प्रवाहाविरुद्ध पोहू शकतो. पण एका ठिकाणी पाण्याचा वेग माशाच्या वेगाइतका होतो. त्याच्या पुढे गेलेला मासा कितीही धडपडला तरी मागे येत नाही. तेथे भिंत नाही, दार नाही, पाण्यावर रेघही नाही. कृष्णविवराची सीमा अशीच असते. तेथे मासा म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशाहून वेगवान पोहणारा कोणी नाही.

हेही ध्यानात असावे की, कृष्णविवर हे सारे काही गिळत सुटणारे राक्षस नव्हे. आडाच्या काठापासून दूर रस्त्याने जाणाऱ्यास आड ओढून घेत नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर अंधार आणि थंडी होईल हे खरे. पण पृथ्वी त्याच कक्षेत, त्याच वेगाने फिरत राहील. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे चाळीस लक्ष पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याचे चित्र मे २०२२ मध्ये जगापुढे आले. ते आपल्यापासून सुमारे सत्तावीस हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्यामुळे कोणाची झोपमोड होण्याचे कारण नाही.

मराठी माणसाच्या घरात हा शब्द पोहोचविण्याचे श्रेय फार मोठ्या अंशाने डॉ. जयंत नारळीकर यांस आहे. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले हे जगन्मान्य शास्त्रज्ञ. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' नावाची कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली, आणि नावाच्या वजनावाचून तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुण्याची आयुका ही संस्था त्यांनी १९८८ साली उभारली. मे २०२५ मध्ये ते आपणांतून गेले. जे शास्त्र आपल्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्या मुलांचे होत नाही, हा धडा त्यांनी आयुष्यभर गिरविला.

आता औंढ्याचे यंत्र. पूर्णा जंक्शनच्या वसाहतीत वाढलेल्या मंडळींस आठवत असेल की, गाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच रुळास तिची चाहूल लागते. रूळ बारीक थरथरतो. (मुलांनी हा प्रयोग करू नये!) दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालीत एकरूप होतात तेव्हा काळ आणि अवकाश यांचे ते कापडच थरथरते आणि त्या लाटा प्रकाशाच्या वेगाने दशदिशांस जातात. ही लाट आपल्यातून जाताना काय करते? उरेब कापडाचा तुकडा दोन टोकांनी ताणा; तो एका दिशेने लांबतो आणि त्याच वेळी आडव्या दिशेने आक्रसतो. लाट नेमके हेच करते, आणि क्षणात उलटही करते.

म्हणून हे यंत्र आपल्या पाटावरील काटकोनी पट्टीच्या आकाराचे असते. चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात ठेवलेल्या, टोकांस चाळीस किलो वजनाचे आरसे लंबकासारखे टांगलेले, आणि त्यांमधून लेसरचा प्रकाश शेकडो वेळा ये-जा करणारा. कापडाबरोबर टेपही ताणली गेली तर माप कसे कळावयाचे, अशी शंका आपल्यापैकी मुरलेला कारागीर अवश्य काढील. त्यासाठीच येथे टेप प्रकाशाची घेतली आहे. सारख्या वेगाचे दोन धावपटू दोन वाटांनी निघाले आणि एक वाट किंचित लांबली, तर तो धावपटू किंचित उशिरा परततो. तो उशीर मोजावयाचा, एवढेच हे काम. पण 'किंचित' म्हणजे किती? चार किलोमीटरांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक! सर्वांत जवळच्या ताऱ्याचे अंतर मोजताना केसाच्या जाडीइतकीही चूक होऊ न देणे, अशा तोडीचे हे माप आहे.

असे माप पहिल्याने १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन यंत्रांस मिळाले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली. बेरीज ६५ यावयास हवी होती, उरले ६२. तीन सूर्यांइतके वस्तुमान लाटांच्या रूपाने निघून गेले. देवळातील घंटा वाजून तिचा नाद विरत जावा, तसे धक्का बसलेले कृष्णविवर निनादते, हे भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० सालीच गणिताने दाखविले होते. गोंगाटातून असा क्षीण स्वर वेचून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले होते.

ती लाट एका यंत्रास दुसऱ्याच्या सात सहस्रांश सेकंद आधी भेटली. रात्री शेतात कोणी हाक मारली, तर दोन कानांस पडणाऱ्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. आकाशातील दिशा नेमकी कळावयास याहून दूरदूरचे कान हवेत. असा एक कान औंढ्याजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. हे यंत्र अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे. तेव्हा आजींस माझे उत्तर असे: आजी, ते यंत्र बीळ पाडणार नाही, काही धरणारही नाही. ते निमूटपणे ऐकणार आहे.

बंधुभगिनींनो, आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. तयार कपड्यांच्या लाटेने आपली किती दुकाने बंद झाली हे आपण जाणतो. औंढ्याचे काम उभे राहील तेव्हा आपली मुले तेथे कोठे असतील? फाटकावर पहारा करणे हे कमी प्रतीचे काम आहे असे मी म्हणत नाही. पण सुताच्या फरकाने सदरा बिघडतो हे ज्यांच्या रक्तात आहे, त्यांच्यापैकी एकही मूल आरशापाशी नसावे, हे मला सोसवणार नाही. "हे शास्त्र आपल्यासाठी नाही" असे मुलीला सांगणारा बाप मी याच सभागृहात पाहिला आहे.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे की, सत्काराच्या हारतुऱ्यांवर आणि शालींवर होणाऱ्या खर्चातून काही भाग दरवर्षी वेगळा काढावा. त्यातून वसतिगृहात विज्ञानाच्या मराठी पुस्तकांचे एक कपाट आणि एक साधी दुर्बीण ठेवावी. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी पुण्यास आयुका पाहण्यासाठी आपली निवडक मुले, आणि निम्म्याहून अधिक मुली, पाठवाव्यात. पहिल्या वर्षाची वर्गणी मी आजच खजिनदारांच्या हाती देतो.

वडील मला सांगत असत की, कापण्यापूर्वी दोनदा मोजावे. तेच मी तुम्हांस सांगतो. मुलांचे भवितव्य कापण्यापूर्वी ते निदान एकदा नीट मोजून तरी पाहा.